डेरिक परेरा : एक बचावपटू, एक प्रशिक्षक आणि मागे मिटत गेलेले क्लब

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि परभणी जिल्ह्यातील कळमनुरी तालुका हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. (हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो पुष्कळ पुढे, १ मे १९९९ रोजी.) भाषा, महसूल, जमीनधारा, न्यायालये या अंगांनी या स्थित्यंतरावर बरेच लिहिले गेले आहे. त्याचे एक अंग मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या दिवशी मराठवाड्याने आपला फुटबॉलही बदलला.

हैदराबाद हे त्या काळी देशाच्या फुटबॉलचे एक मोठे केंद्र होते. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईच्या कुपरेज मैदानावर येऊन रोव्हर्स चषक जिंकला होता. राज्यपुनर्रचनेच्या त्याच महिन्यात मेलबर्न ऑलिम्पिक सुरू झाले. तेथे उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचलेल्या भारतीय संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते आणि संघात हैदराबादी खेळाडूंचा मोठा भरणा होता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-२ असा विजय मिळाला, त्यातील तीन गोल मात्र नेव्हिल डिसोझा यांचे. ते मूळचे गोव्याचे, खेळत मुंबईत. आणि याच १९५६ साली पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात, वास्को येथे, खाणमालक वासुदेव साळगावकर यांच्या आश्रयाने एक फुटबॉल क्लब सुरू झाला.

कळमनुरीच्या तरुणाला पुढे ‘आपल्या राज्याचा’ म्हणून जो फुटबॉल मिळाला तो हा, मुंबई आणि गोवा या टापूतला. या टापूचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास एकाच माणसाच्या कारकिर्दीतून पाहायचा असेल, तर डेरिक परेरा यांच्याकडे पाहावे. साळगावकर क्लबचे बचावपटू, भारताचे आंतरराष्ट्रीय खेळाडू, पुढे प्रशिक्षक. महाराष्ट्राच्या क्लबने राष्ट्रीय फुटबॉल लीग एकदाच जिंकली, २००५-०६ च्या हंगामात, आणि तेव्हा प्रशिक्षक तेच होते. तरीही आज महाराष्ट्रातील किती फुटबॉलप्रेमींना हे नाव चटकन आठवेल, याविषयी शंकाच आहे. हा विसर का पडला, हे समजून घेण्यासाठी हा धागा.

आधी गोव्याविषयी थोडे. तेथे फुटबॉल आला तो १८८३ मध्ये, शिवोलीला आलेल्या विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्र्यामुळे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. चर्चच्या शाळा, गावाचे मैदान, फेस्ताच्या निमित्ताने होणारे सामने, अशा वाटेने तो गावोगाव पसरला. परंतु गावचा खेळ आणि पगारी खेळाडूंचा क्लब यांत अंतर असते, आणि ते भरून निघाले लोहखनिजाच्या पैशाने. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद उद्योगाला खनिज हवे होते आणि ते गोव्यात होते. साळगावकर, धेंपो, सेझा गोवा या खाणव्यवसायातील घराण्यांची व कंपन्यांची नावे गोव्याच्या फुटबॉलमध्ये क्लबांची नावे म्हणून का दिसतात, याचे उत्तर येथे आहे. खेळाडूला कंपनीत नोकरी, नोकरीच्या बळावर घर चालणार, आणि घर चालते म्हणून तो मैदानावर येणार. कोलकात्यातील मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल हे सभासदांचे क्लब. गोव्यातील हे क्लब मालकांचे. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे सारे त्यावरच येऊन ठेपते.

परेरा यांचा जन्म १९६२ चा, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतरच्या पहिल्या पिढीतला. साळगावकरच्या बचावफळीत ते उभे राहिले त्या काळात त्यांच्या पाठीशी गोलजाळ्यात ब्रह्मानंद सांखवळकर होते, ज्यांना पुढे अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे साळगावकरने फेडरेशन चषक जिंकला. त्यापूर्वी गोव्याच्या एकाही क्लबला हा चषक मिळाला नव्हता. देशातील क्लब फुटबॉल म्हणजे कोलकाता, असे समीकरण तोवर जवळपास पक्के होते. त्याला तडा देणाऱ्यांमध्ये ही साळगावकरची पिढी ठळक होती.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाला एक अडचण जाणवते. त्या काळच्या वर्तमानपत्रांतील सामन्यांचे वृत्तांत काढले तर गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, हे हमखास सापडते. गोल कोणी होऊ दिला नाही, हे क्वचित. आघाडीच्या खेळाडूचे कर्तृत्व गुणफलकातच नोंदले जाते. बचावपटूचे कर्तृत्व म्हणजे फलकावरचे शून्य, आणि ते शून्य अकरा जणांत वाटले जाते. प्रशिक्षकाचेही तसेच. जिंकल्यावर छायाचित्र कर्णधाराचे, हरल्यावर राजीनामा प्रशिक्षकाचा. परेरा यांनी आयुष्यात या दोनच भूमिका केल्या, हा योगायोग असेल. पण नोंदींच्या दृष्टीने तो त्यांना महागात पडला.

आता मुंबई.

मुंबईचा फुटबॉल गोव्याहून नोंदींनी अधिक समृद्ध आहे. रोव्हर्स चषक १८९१ पासूनचा. पहिल्या काळात लष्करी पलटणींचा वरचष्मा, मग हळूहळू भारतीय संघ, आणि स्वातंत्र्यानंतर कंपन्यांचे संघ. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया ही नावे म्हणजे शहराच्या औद्योगिक इतिहासाची अनुक्रमणिकाच म्हणावी. गिरण्या होत्या तोवर गिरण्यांचे संघ होते. गिरण्या गेल्या, संघ गेले. रोव्हर्स चषकही या शतकाच्या प्रारंभी थांबला. कुपरेजच्या गॅलरीत बसणाऱ्यांनी हे सारे पाहिले होते, त्यामुळे संघ बंद पडणे त्यांना नवे नव्हते.

या परंपरेतील शेवटचा मोठा संघ म्हणजे महिंद्रा. १९६२ पासून चालत आलेल्या या कंपनी-संघाने २००० च्या सुमारास ‘महिंद्रा युनायटेड’ हे नाव घेतले आणि व्यावसायिक क्लबाचे रूप धारण केले. २००५ मध्ये त्याची सूत्रे परेरा यांच्याकडे होती. संघात ब्राझीलचा जोस रामिरेझ बरेटो होता, जो कोलकात्यात मोहन बागानचा लाडका होऊन मग एका हंगामासाठी मुंबईत आला होता. घानाचा युसिफ याकुबू होता. त्या हंगामात महिंद्राने फेडरेशन चषक जिंकला आणि त्यापाठोपाठ राष्ट्रीय फुटबॉल लीगही. ईस्ट बंगाल दुसऱ्या स्थानी राहिला, मोहन बागान तिसऱ्या.

या यशाचे मोल समजायला लीगचा इतिहास पाहावा लागतो. राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली. पहिले विजेतेपद पंजाबच्या जेसीटीने नेले. नंतर मोहन बागान, साळगावकर, ईस्ट बंगाल, धेंपो. म्हणजे विजेतेपद एक तर कोलकात्यात नाही तर गोव्यात, मधे एकदा पंजाबात. २००५-०६ मध्ये ते प्रथमच महाराष्ट्रात आले. पुढे लीगचे नाव २००७ मध्ये आय-लीग झाले, त्या नावाखालीही महाराष्ट्राचा क्लब कधी विजेता झाला नाही. म्हणजे महिंद्राचे ते विजेतेपद त्या सबंध कालखंडात एकटेच उभे आहे.

आणि ते एका हंगामाचे नशीब नव्हते. २००७ च्या एएफसी चषकात महिंद्राने आशियातील उपान्त्यपूर्व फेरी गाठली. २००८ मध्ये ड्युरँड चषक जिंकला. याच वर्षांत कोलकात्याला जाऊन आयएफए शील्डही आणली. परेरा यांचे संघ पाहणाऱ्यांना एक गोष्ट सतत जाणवे : ते आधी गोल न खाण्याचा विचार करत. याला कोणी कंटाळवाणेपणा म्हटले तर म्हणो. लांबलचक लीगमध्ये, प्रवासाने थकलेल्या पायांनी, गुण राखायचे तर हाच मार्ग अधिक व्यवहार्य असतो.

२०१० मध्ये महिंद्रा उद्योगसमूहाने क्लब बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. यापुढे शालेय व तळागाळातील फुटबॉलवर भर देणार, अशी भूमिका मांडण्यात आली. त्यात गैर काही नव्हते. कंपनीचा पैसा, कंपनीचा निर्णय. फक्त असे की, चार वर्षांपूर्वी देशाचा विजेता ठरलेला क्लब हंगाम संपताच अस्तित्वातून गेला. सभासदांची सभा भरली नाही, कारण सभासद नव्हतेच.

परेरा तोवर पुण्यात पोहोचले होते. अशोक पिरामल उद्योगसमूहाने २००७ मध्ये स्थापलेला पुणे एफसी नुकताच आय-लीगमध्ये बढती मिळवून आला होता. २००९-१० हा त्याचा वरच्या श्रेणीतील पहिलाच हंगाम, आणि पहिल्याच हंगामात हा संघ तिसरा आला. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात सामने होत. पुण्याला पेशवाईपासूनचे सारे काही आहे, फुटबॉलची परंपरा मात्र लष्करी छावणीपुरती आणि कॅम्पातल्या जुन्या क्लबांपुरती होती. शहराच्या नावाचा संघ देशाच्या पहिल्या तिघांत असणे हे तेथे अपूर्वाईचे होते.

या क्लबातील माणसे पाहिली की परेरा यांच्या कामाची पद्धत कळते. अराता इझुमी हे त्यातले सर्वांत विलक्षण उदाहरण. आई जपानी, वडील गुजराती. महिंद्रात परेरा यांच्या हाताखाली खेळून तो त्यांच्यापाठोपाठ पुण्यात आला, जपानचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. राष्ट्रीयत्वाचा असा निर्णय कोणी एका क्लबासाठी करत नाही, हे खरे. परंतु जिथे अनेक वर्षे स्थिर काम मिळते तिथेच असा निर्णय सुचतो, हेही तितकेच खरे. केरळचा अनस एडाथोडिका मुंबई एफसीतून पुण्यात आला आणि येथे मुरलेला बचावपटू झाला. भारतीय संघात त्याला स्थान मिळाले ते नंतर, पण तो घडला या वर्षांत. जेजे लालपेखलुआ मिझोरामहून कोवळ्या वयात येथे आला. आणि अमरिंदर सिंग नावाचा पंजाबी गोलरक्षक २०११ पासून येथे होता. त्याचे नाव पुन्हा येईल.

२०१२-१३ हा या कथेचा मध्यबिंदू. त्या हंगामात पुणे एफसी आय-लीगमध्ये उपविजेता ठरला, विजेता गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. त्या वर्षीची सहभागी संघांची यादी आज वाचली तर डोळे विस्फारतात. एकूण १४ संघ. महाराष्ट्राचे चार : पुणे एफसी, मुंबई एफसी, एअर इंडिया, ओएनजीसी. गोव्याचेही चार : चर्चिल, धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग. म्हणजे देशाच्या सर्वोच्च लीगमधले १४ पैकी ८ क्लब या पश्चिम टापूतले. आता २०१७-१८ ची यादी घ्यावी. एकूण १० संघ. गोव्याचा एकच, चर्चिल. महाराष्ट्राचा एकही नाही.

पाच वर्षांत आठाचे एक झाले. दुष्काळ पडला नाही, युद्ध झाले नाही, लोकांचा फुटबॉलमधला रसही कमी झाला नव्हता. मग झाले काय?

पहिले कारण परवान्याचे. आशियाई महासंघाने क्लबांसाठी निकष घालून दिले : स्वतंत्र कायदेशीर संस्था हवी, युवा संघ हवेत, हिशेब हवेत. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे खात्याचे संघ होते, क्लब नव्हते. २०१३ मध्ये ते बाहेर पडले. यात तत्त्वतः चूक नव्हती. पण ज्या व्यवस्थेत शेकडो खेळाडूंना निवृत्तीनंतरही पगार मिळत असे ती व्यवस्था त्याबरोबर मागे पडली, हे नमूद केले पाहिजे.

दुसरे कारण गोव्यापुरते. शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये, आधी राज्य सरकारच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबले. ज्या पैशाने अर्धशतक क्लब चालवले त्याचा झराच आटला.

तिसरे कारण सर्वांत मोठे. डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला होता. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग उभी राहिली, आठ नव्या संघांची. जुन्या क्लबांना तीत आपसूक प्रवेश नव्हता. त्यासाठी संघाचा हक्क विकत घ्यावा लागे. जुनी आय-लीग चालू राहिली, परंतु तिच्यावर खर्च करणाऱ्या मालकाला रास्त प्रश्न पडू लागला की हे कशासाठी? पुण्यात तर ‘पुणे एफसी’ होताच, त्याच्या शेजारी ‘एफसी पुणे सिटी’ असा सुपर लीगचा वेगळा संघ निघाला. नावातील शब्दांची केवळ अदलाबदल, पण मालक वेगळे, इतिहास वेगळा. पुढच्या काळातील अभ्यासक या दोन नावांवर हमखास ठेचकाळणार आहेत. २०१४-१५ चा हंगाम संपल्यावर पुणे एफसीने आय-लीगमधून माघार घेतली. त्याच शहरातील भारत एफसी तर एकच हंगाम खेळून थांबला.

याच्या शेजारी एक कोलकात्याची घटना ठेवून पाहावी. ९ डिसेंबर २०१२ रोजी ईस्ट बंगालविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांतून आलेला दगड लागून मोहन बागानचा रहीम नबी जखमी झाला आणि मोहन बागानने मध्यंतरानंतर मैदानात उतरण्यास नकार दिला. नियमाप्रमाणे क्लबवर दोन वर्षांची बंदी आली. जानेवारी २०१३ मध्ये ती मागे घेतली गेली. २ कोटी रुपये दंड झाला आणि तोवरचे गुण पुसले गेले, पण क्लब राहिला. राहणारच होता. १८८९ पासूनचे सभासद, लाखो समर्थक, वर्तमानपत्रे, राजकारणी, सगळे त्याच्या पाठीशी उभे होते. त्याच हंगामात नियमाने खेळून उपविजेता ठरलेला पुणे एफसी अडीच वर्षांत गेला, तेव्हा त्याच्यासाठी रस्त्यावर येईल असे कोणी नव्हते. समर्थक होते, निष्ठावंतही होते. पण क्लबच्या कारभारात त्यांचा कागदोपत्री काहीच हक्क नव्हता.

हीच तुलना दूरवर नेता येते. ब्राझीलचे लुइझ फेलिपे स्कोलारी हेही बचावपटूच होते, आणि फारसे नावाजलेले नव्हते. धसमुसळ्या खेळामुळे त्यांना ‘लाकडी पायाचा’ म्हणून हिणवले जाई. प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांनी १९९५ मध्ये ग्रेमियोला आणि १९९९ मध्ये पाल्मेरासला दक्षिण अमेरिकेचे विजेतेपद मिळवून दिले आणि २००२ मध्ये ब्राझीलला विश्वचषक. ग्रेमियो १९०३ चा, पाल्मेरास १९१४ चा. दोन्ही सभासदांच्या संस्था. त्यांच्यावर कर्ज झाले, त्यांची खालच्या श्रेणीत घसरण झाली, पण त्या संपल्या नाहीत. त्यामुळे स्कोलारींनी त्या क्लबात काय केले याची आठवण ठेवायला क्लब स्वतः शिल्लक आहेत. परेरा यांची स्कोलारींशी बरोबरी करायची नाही. दोघांच्या यशाचे मापच वेगळे. प्रश्न एवढाच आहे की प्रशिक्षकाची कीर्ती ज्या घरात जपली जाते ते घर टिकले की नाही.

परेरा २०१३ मध्ये पुण्याहून आपल्या मूळ क्लबात, साळगावकरमध्ये, प्रशिक्षक म्हणून परतले. पहिल्याच हंगामात संघ आय-लीगमध्ये तिसरा आला. नोव्हेंबर २०१४ मध्ये ड्युरँड चषकाचा अंतिम सामना गोव्यातील बांबोळी येथे झाला. ड्युरँड ही १८८८ पासूनची, देशातील सर्वांत जुनी स्पर्धा. त्या दिवशी समोरासमोर होते साळगावकर आणि पुणे एफसी. एक संघ परेरा यांनी खेळाडू म्हणून ज्याच्यासाठी उमेदीची वर्षे दिली तो, दुसरा त्यांनी चार वर्षे घडवलेला. साळगावकर जिंकला.

तो सामना ज्यांनी पाहिला त्यांना तेव्हा कळणे शक्य नव्हते की दोन वर्षांच्या आत यांपैकी एकही क्लब राष्ट्रीय लीगमध्ये नसेल. पुणे एफसी २०१५ मध्ये गेला. २०१६ मध्ये महासंघाने सुपर लीगला वरची आणि आय-लीगला खालची श्रेणी देणारा आराखडा मांडला, तेव्हा निषेध म्हणून साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी माघार घेतली. धेंपोही त्याच वाटेने गेला. साळगावकर गोव्याच्या स्थानिक स्पर्धांत खेळत राहिला, पण १९८८-८९ मध्ये ज्याने कोलकात्याचे वर्चस्व मोडले तो क्लब देशाच्या नकाशावरून स्वतःहून खाली उतरला.

परेरा मधल्या काळात पुन्हा पुण्यात आले होते. डीएसके शिवाजियन्स या क्लबने २०१५-१६ मध्ये आय-लीगमध्ये प्रवेश केला, त्या पहिल्या हंगामात प्रशिक्षक तेच होते. हाही क्लब २०१७ मध्ये थांबला. त्याच वर्षी मुंबई एफसी खालच्या श्रेणीत गेला आणि नाहीसा झाला. परेरा यांनी २०१७ मध्ये काही महिने चर्चिल ब्रदर्सची धुरा सांभाळली. ती नोंद येथे केवळ क्रम पुरा व्हावा म्हणून.

दरम्यान सुपर लीगमध्ये भारतीय प्रशिक्षकांचे स्थान काय होते? २०१४ च्या पहिल्या हंगामात आठही संघांचे मुख्य प्रशिक्षक परदेशी होते. गोव्याने ब्राझीलच्या झिकोंना आणले, पुण्याने इटलीच्या फ्रँको कोलोम्बा यांना. ज्या पुण्यात एका भारतीय प्रशिक्षकाने सव्वा वर्षापूर्वी उपविजेतेपद मिळवले होते तेथेही, आणि धेंपोला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे आर्मांदो कुलासो ज्या गोव्यात होते तेथेही. झिको हे मोठेच नाव; लोक मैदानात आले ते त्यांच्या नावाने, हे मान्य करावे लागेल. तरीही ज्या मातीत हा खेळ दीडशे वर्षांच्या घरात रुजला आहे तिथल्या जाणत्या माणसांना सहायकाच्या खुर्चीवर बसवण्याची ही पद्धत क्रीडेतिहासाच्या विद्यार्थ्याला फार ओळखीची वाटते. सुपर लीगमध्ये कायम नियुक्तीचा पहिला भारतीय मुख्य प्रशिक्षक यायला २०२१ उजाडले. ते खालिद जमील, महिंद्रात काही वर्षे खेळलेले.

परेरा एफसी गोवामध्ये दाखल झाले आणि पुढे तेथे तांत्रिक संचालक झाले. मार्च २०१९ मध्ये २३ वर्षांखालील भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून ते ताश्कंदला गेले. आशियाई पात्रता फेरीत उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तान या दोघांकडूनही भारत हरला. तो दौरा त्यांच्या जमेच्या बाजूला मांडता येणार नाही. पण पुढच्या वर्षी, हंगामाचे तीन सामने उरले असताना, एफसी गोवाने स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर केले तेव्हा गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे संघ आला आणि पाठीशी तांत्रिक संचालक म्हणून परेरा होते. साखळी फेरीत एफसी गोवा अव्वल ठरला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट स्थान मिळवणारा पहिला भारतीय क्लब झाला.

१३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर मुंबई सिटी एफसीने सुपर लीगचा करंडक जिंकला. २००६ नंतर, १५ वर्षांनी, राष्ट्रीय पातळीवरचे लीग-विजेतेपद महाराष्ट्रात आले. प्रशिक्षक लोबेरा. करंडक उचलणारा कर्णधार अमरिंदर सिंग, पुणे एफसीचा तो गोलरक्षक.

त्या वर्षीच्या डिसेंबरात एफसी गोवाचे प्रशिक्षक हुआन फेरांदो हंगामाच्या मध्यावर कोलकात्याच्या एटीके मोहन बागानकडे निघून गेले. रिकाम्या जागेवर परेरा यांची नियुक्ती झाली. वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर, सुपर लीग सुरू होऊन सात वर्षे लोटल्यावर, ते प्रथमच तिथल्या एखाद्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. महामारीमुळे सगळे सामने गोव्यातच, प्रेक्षकांविना चालले होते. संघ विस्कळीत होता, वेळ थोडा होता. अकरा संघांत एफसी गोवा नववा आला आणि पुढच्या हंगामासाठी क्लबने स्पेनचे कार्लोस पेन्या यांना नेमले.

त्या हंगामाचा अंतिम सामना २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्यालाच झाला. प्रेक्षकांना पुन्हा प्रवेश मिळाला होता. केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून विजेता ठरला हैदराबाद एफसी. हा क्लब स्थापन झाला होता २०१९ मध्ये, बंद पडलेल्या एफसी पुणे सिटीच्या लीगमधील जागेवर.